१८९० सालचं स्कॉटलंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१८९० च का? व्हिक्टोरिया राणीच्या काळात इतकी सालं पडलीत की!

पडलीत ना. पण १८७९ घेतलं की टे पुलाचा अपघात सोडून दुसरं काही बोलताच येत नाही, आणि १८८८ घेतलं तर सगळं ग्लासगोच्या प्रदर्शनावर येऊन थांबतं. १८९० ची मजा वेगळी आहे. मार्चमध्ये फोर्थ ब्रिज हा जगातला सगळ्यात मोठा रेल्वे पूल सुरू झाला, आणि डिसेंबरमध्ये ज्या कंपनीच्या गाड्या त्या पुलावरून धावत होत्या तिचेच कामगार संपावर गेले. पुस्तकांत पूल इंजिनिअरिंगच्या चॅप्टरमध्ये असतो आणि संप कामगार चळवळीच्या, त्यामुळे वाचणाऱ्याला दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी वाटतात. माझ्या मते गोष्ट एकच आहे, म्हणून खाली त्याच दोन विषयांवर जास्त लिहिलंय आणि बाकीचं थोडक्यात आटपलंय.

फोर्थ ब्रिज नक्की कुठे आहे?

एडिंबराच्या पश्चिमेला, साधारण पंधरा किलोमीटरवर. फोर्थ नदी समुद्राला मिळते तिथे मोठी खाडी झालीये, तिला फर्थ ऑफ फोर्थ म्हणतात. दक्षिणेच्या काठावर साउथ क्वीन्सफेरी, उत्तरेला नॉर्थ क्वीन्सफेरी आणि मधे इंचगार्वी नावाचं खडकाळ बेट. पुलाचा मधला टॉवर त्या बेटाच्या कडेलाच उभा केलाय, बेट नसतं तर हा पूल या जागी झालाच नसता.

पूल नव्हता तेव्हा लोक काय करायचे?

बोट! एडिंबराहून डंडी किंवा अ‍ॅबरडीनला जायचं तर ग्रँटनपर्यंत रेल्वे, तिथून खाडी ओलांडून बर्नटायलंडपर्यंत फेरी आणि पुढे परत रेल्वे. हवा खराब असली की सगळाच आनंद. मालाचे डबे मात्र १८५० पासून रूळ बसवलेल्या बोटीवर चढवून पलीकडे न्यायचे, जगातली पहिली ट्रेन फेरी म्हणतात ती हीच. तिची योजना थॉमस बाउच या इंजिनिअरची, हे नाव लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

एवढा अगडबंब पूल कशाला बांधला? दिसायला जरा जास्तच नाही का झालाय?

झालाय, आणि मुद्दामच. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात डंडीजवळच्या टे पुलाचा मधला भाग कोसळला आणि वरून जाणारी पॅसेंजर गाडी सगळ्या माणसांसकट नदीत गेली. मेले ते साधारण ७५, त्यातल्या ५९ जणांचीच नावं पक्की सांगता येतात, वाचलं कोणीच नाही. तो पूल बाउचचा. आणि फोर्थवर झुलता पूल बांधायचं कामही त्यालाच मिळालं होतं, पायाभरणीसुद्धा झाली होती! चौकशीत डिझाइन, बांधकाम, देखभाल सगळ्याचाच ठपका त्याच्यावर आला, फोर्थचं काम हातातून गेलं आणि वर्षभराच्या आत माणूस वारला.

मग जॉन फाउलर आणि बेंजामिन बेकर यांनी नवीन, कॅन्टिलिव्हर प्रकारचं डिझाइन केलं. सरकारी बोर्डाने आता दर चौरस फुटाला ५६ पौंड इतका वाऱ्याचा दाब धरा असं बजावलं होतं, म्हणजे वाऱ्याने काही होणारच नाही इतकं मजबूत करा. शिवाय लोकांना नुसता मजबूत पूल नको होता, मजबूत *दिसणारा* पूल हवा होता, कारण टे नंतर पुलावरून जाताना लोक देवाचं नाव घ्यायला लागले होते. पुलाचा अवतार बघून नावं ठेवणारेही त्या काळात होतेच. मला विचाराल तर तो सुंदर आहे, पण हे प्रत्येकाने आपापलं ठरवावं.

कॅन्टिलिव्हर म्हणजे काय, सोप्या भाषेत?

बेकरने स्वतःच लंडनमधल्या व्याख्यानात माणसं बसवून दाखवलं होतं, त्याचा फोटो नेटवर सहज सापडतो. दोन माणसं खुर्च्यांवर बसलीत, दोघांचेही हात बाजूला पसरलेले, हातात तिरक्या काठ्या धरल्यात आणि काठ्यांची खालची टोकं खुर्चीला टेकलीत. दोघांच्या मधे एक छोटी फळी लटकवलीये आणि तिच्यावर तिसरा माणूस बसलाय. बाहेरच्या बाजूला दोन्हीकडे विटांचे ढीग बांधलेत, तोल राखायला. मधल्याचं वजन पडलं की खुर्चीवाल्यांचे हात ताणले जातात आणि काठ्या दाबल्या जातात. खुर्च्यांच्या जागी टॉवर समजा, हातांच्या जागी वरचे ताण सहन करणारे स्टीलचे गर्डर आणि काठ्यांच्या जागी खालचे जाडजूड पाइप, झाला फोर्थ ब्रिज. आणि ते पाइप म्हणजे बारा फूट व्यासाचे, आत माणूस आरामात चालेल.

मधे बसलेला तिसरा माणूस जपानी होता, काइची वातानाबे. ग्लासगो युनिव्हर्सिटीत शिकलेला इंजिनिअर आणि या पुलावरच काम करत होता. कॅन्टिलिव्हरची मूळ आयडिया पूर्वेकडची, त्याची आठवण म्हणून त्याला मधे बसवला असं सांगतात.

आकडे द्या ना थोडे.

लांबी साधारण २,४६७ मीटर. दोन मुख्य गाळे (म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) प्रत्येकी ५२१ मीटरचे, १९१७ मध्ये कॅनडातला क्वेबेक पूल होईपर्यंत जगात यापेक्षा लांब गाळा नव्हता. टॉवर भरतीच्या पाण्यापासून ११० मीटर उंच. स्टील ५० हजार टनांच्या वर, रिव्हेट (स्टीलचे तुकडे जोडणारे जाड खिळे) साधारण ६५ लाख, खर्च ३२ लाख पौंडांच्या आसपास. काम १८८२ च्या शेवटी सुरू झालं आणि ऐन जोरात असताना साडेचार हजारांवर माणसं राबत होती. ठेकेदार विल्यम अ‍ॅरोल, गिरणीत पोरवयात कामाला लागलेला, मग लोहारकाम शिकलेला माणूस. टेवरचा दुसरा पूलसुद्धा त्यानेच बांधला.

किती कामगार मेले? कुठे ५७ लिहितात, कुठे ७३.

५७ हा त्या काळातल्या नोंदीतला आकडा. नंतर स्थानिक मंडळींनी कागदपत्रं, जुने पेपर, मृत्यूच्या नोंदी असं सगळं धुंडाळून यादी केली तेव्हा ७३ निघाले, आता तोच आकडा धरतात. ३८ जण उंचावरून पडून गेले. ९ चिरडले, ९ बुडाले, ८ जणांवर वरून काहीतरी पडलं. सगळ्यात लहान मुलगा १३ वर्षांचा.

तेरा वर्षांचं पोर तिथे काय करत होतं असं वाटेल, तर रिव्हेटची टोळीच तशी असायची. एक पोरगा छोट्या भट्टीत रिव्हेट लालबुंद तापवणार, चिमट्याने उचलून फेकणार, दुसरा तो झेलून भोकात घालणार, एक जण मागून दाबून धरणार आणि मग ठोकणारे ठोकणार. हे सगळं खाली फेसाळती खाडी असताना, लाकडी फळ्यांवर उभं राहून, आणि कमरेला दोरी वगैरे काही प्रकार नाही. पडणाऱ्यांना उचलायला खाली होड्या ठेवल्या होत्या आणि त्यांनी काही जीव वाचवलेही. जखमींसाठी फंड होता, त्याची वर्गणी मात्र कामगारांच्याच पगारातून, आठवड्याला एका तासाची मजुरी.

पाण्याखाली पाया कसा घातला?

लोखंडाचे ७० फूट व्यासाचे प्रचंड पिंप तळाशी बुडवायचे, त्यांना केसन म्हणतात. खालच्या खोलीत दाबाने हवा भरायची म्हणजे पाणी आत येत नाही, आणि माणसांनी आत उतरून तळ खणत जायचं. हे काम येणारे कारागीर युरोपातून आणले होते, त्यात इटालियन बरेच. दाबातून पटकन बाहेर आलं की सांधे भयंकर दुखायचे, त्याचं कारण तेव्हा तिथल्या लोकांना नीट कळलेलं नव्हतं, त्यामुळे परत आत गेलं की बरं वाटतं एवढाच काय तो उपाय!

उद्घाटन कधी झालं? सोन्याचा रिव्हेट ठोकला हे खरं का?

४ मार्च १८९०, प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड. शेवटचा रिव्हेट त्याने बसवला, पण तो सोन्याचा मुलामा दिलेला होता, अख्खा सोन्याचा नाही. त्या दिवशी वारा इतका सुटला होता की धड भाषणसुद्धा करता येईना, पुलाची परीक्षा घ्यायलाच आल्यासारखा. खरी परीक्षा आधी २१ जानेवारीलाच झाली होती, कोळशाचे डबे भरभरून दोन लांबच लांब मालगाड्या शेजारी शेजारी पुलावर नेल्या आणि पूल किती वाकतो ते मोजलं. हिशोबाप्रमाणेच वाकला.

फाउलर बॅरोनेट झाला, बेकर आणि अ‍ॅरोल सर झाले. रिव्हेटवाल्यांना काय मिळालं ते विचारू नका.

पूल रंगवून संपतच नाही, एका टोकाला पोचेपर्यंत दुसरं टोक गंजतं, हे खरं का?

ऐकायला मस्त आहे पण तसं कधीच चालत नव्हतं. कायमचे रंगारी नोकरीला होते हे खरं, पण जिथे रंग खराब झालाय तिथे जायचे. २०११ मध्ये नवीन प्रकारचं कोटिंग पुरं झालंय, ते पंचवीस वर्षं तरी टिकेल असं सांगतात.

पूल झाला म्हणजे गाड्या एकदम वेळेवर धावायला लागल्या असतील?

इथेच तर गंमत आहे. पुलाला जोडणाऱ्या नवीन लाइन जूनमध्ये सुरू झाल्या आणि उत्तरेकडची सगळी वाहतूक एडिंबराच्या वेव्हर्ली स्टेशनवर येऊन आदळली. स्टेशन होतं तेवढंच, प्लॅटफॉर्म तेवढेच आणि दोन्ही बाजूंना बोगद्यांतून येणारे रूळही तेवढेच. त्यात उन्हाळ्याची सुट्टी, शिकारीचा सीझन, लंडनचे श्रीमंत लोक कुत्री, बंदुका, ट्रंका घेऊन उत्तरेला निघालेले. गाड्या तासन्तास लेट, सामान भलत्याच गाडीत, पेपरात तक्रारींची पत्रांवर पत्रं. म्हणजे पुलावर ३२ लाख खर्च केले आणि स्टेशनचा विचार कोणी केलाच नाही! आपल्याकडे फ्लायओव्हर उतरतो तिथेच ट्रॅफिक जाम होतो ना, अगदी तसंच. वेव्हर्ली मोठं करायचं काम मग १८९२ ला सुरू झालं आणि १९०० पर्यंत चाललं.

याचा संपाशी काय संबंध?

गाडी चार तास लेट झाली की ड्रायव्हर, फायरमन, गार्ड यांची ड्युटीही चार तास लांबते, साधं गणित आहे. स्कॉटलंडच्या रेल्वेत बारा तास तर नेहमीचेच होते आणि पंधरा सोळा तास, कधी त्याहून जास्त सलग काम केल्याच्या तक्रारी भरपूर. ओव्हरटाइमचे वेगळे पैसे मिळतील याची खात्री नाही. आणि हे लोक करतात काय, तर सिग्नल पाडतात, इंजिन चालवतात, म्हणजे झोप अनावर झाली तर मरणार कोण? पॅसेंजर. पुलावरून गाड्या चालवणाऱ्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीत पुलानंतरच्या गोंधळाने हे सगळं अगदी टोकाला गेलं, कंपनीने कामगारांच्या युनियनशी बोलायलाच नकार दिला आणि २१ डिसेंबर १८९० ला संप सुरू झाला. नॉर्थ ब्रिटिश, कॅलेडोनियन आणि ग्लासगो अँड साउथ वेस्टर्न अशा तिन्ही मोठ्या कंपन्यांत मिळून साधारण नऊ हजार माणसं. मुख्य मागणी एकच, दिवसाला दहा तास.

तारीखही बघा. स्कॉटलंडमध्ये तेव्हा ख्रिसमसला फारसं महत्त्व नव्हतं, चर्चलाच ते पसंत नव्हतं, ख्रिसमसची सरकारी सुट्टी तर १९५८ ला आली. त्यांचा खरा सण हॉगमनी, म्हणजे ३१ डिसेंबरची रात्र आणि नवीन वर्ष. त्याच्या दहा दिवस आधी रेल्वे बंद!

मदरवेलला काय झालं होतं?

ग्लासगोजवळचं लोखंड आणि कोळशाचं गाव. तिथे संपवाले कॅलेडोनियन कंपनीच्या घरांत राहत होते, कंपनी म्हणाली काम नाही तर घर नाही. ५ जानेवारी १८९१ ला भर थंडीत घरं खाली करायला माणसं आली. हजारोंचा जमाव जमला, त्यात खाणकामगारही होते, स्टेशनच्या काचा फुटल्या, सिग्नल केबिनवर दगड पडले आणि शेवटी लष्कर बोलवावं लागलं. तारखेने हे पुढच्या वर्षातलं झालं, पण हा धागा मधेच तोडता येत नाही.

मग संप जिंकला का?

नाही. सहा आठवड्यांत पैसे संपले, माणसं हळूहळू कामावर परतली आणि जानेवारीच्या शेवटी सगळं आटोपलं. काहींना परत घेतलंच नाही. पण पार्लमेंटला दखल घ्यावी लागली, १८९१ मध्ये रेल्वे कामगारांच्या तासांवर कमिटी बसली आणि १८९३ ला कायदा झाला, त्यात फार जास्त तास राबवणाऱ्या कंपनीला सरकार वेळापत्रक बदलायला लावू शकत होतं. दहा तासांची हमी काही मिळाली नाही. स्कॉटलंडची वेगळी युनियन मोडकळीला आली आणि १८९२ मध्ये इंग्लंडच्या मोठ्या युनियनमध्ये विलीन झाली.

स्कॉटिश फुटबॉल लीगपण याच वर्षी ना?

हो, ऑगस्ट १८९० मध्ये पहिला सीझन. सुरुवातीला अकरा क्लब, त्यात सेल्टिक, रेंजर्स, हार्ट्स ही आजची नावं आणि अ‍ॅबरकॉर्न, काउलेअर्स, केंबसलँग, व्हेल ऑफ लेव्हन अशी आता कोणाला आठवत नाहीत तीही. सगळ्यात जुना आणि मानाचा क्लब क्वीन्स पार्क मात्र आलाच नाही. त्यांना भीती होती की लीग आली की पैसे घेऊन खेळणारे येणार. खरंच आले, १८९३ ला प्रोफेशनल खेळाडूंना अधिकृत परवानगी मिळाली.

शेवटी डंबार्टन आणि रेंजर्स दोघांचे २९ पॉइंट, मग प्लेऑफ खेळवला तर तोही २-२. गोल डिफरन्स वगैरे भानगड नव्हतीच, दोघांनाही चॅम्पियन करून टाकलं.

रेंटनला हाकललं ते कशासाठी?

हा किस्सा माझा आवडता. रेंटन म्हणजे एक छोटंसं गाव, कापड रंगवायच्या कारखान्यांचं. १८८८ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या एफए कप विजेत्या वेस्ट ब्रॉमला हरवलं आणि स्वतःला जगज्जेते म्हणायला लागले, मैदानावर तसा बोर्डही लावला. लीगच्या पहिल्याच सीझनमध्ये पाच मॅचेसनंतर असोसिएशनने त्यांना सस्पेंड केलं, कारण काय तर सेंट बर्नार्ड्स हा एडिंबराचा क्लब गुपचूप खेळाडूंना पैसे देतो म्हणून त्याच्यावर बंदी होती आणि रेंटन त्याच टीमशी खेळले, फक्त टीमने नाव बदललं होतं! आता पैसे तेव्हा कोण देत नव्हतं? सगळेच टेबलाखालून द्यायचे. सापडले ते छोट्या गावातले. पुढच्या सीझनला परत घेतलं, पण क्लब काही सावरला नाही.

गोल्फमध्ये काय?

प्रेस्टविकला ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा झाली आणि जॉन बॉल जिंकला. इंग्लंडचा, वर हौशी खेळाडू. तोपर्यंत ओपन फक्त स्कॉटिश प्रोफेशनल लोकांनीच जिंकली होती, त्यामुळे नाक चांगलंच कापलं गेलं.

कार्नेगीची लायब्ररी?

एडिंबराची सेंट्रल लायब्ररी, जून १८९० ला उघडली. डनफर्मलिनच्या विणकराचा हा मुलगा अमेरिकेत स्टीलवाला झाला आणि त्याने ५० हजार पौंड दिले. लायब्ररी आजही चालू आहे आणि फुकट आहे. पण दोनच वर्षांनी त्याच्याच अमेरिकेतल्या होमस्टेड कारखान्यात संप चिरडताना गोळीबार झाला, माणसं मेली. स्टील, दानधर्म आणि संप, त्या काळात हे सगळं सोबतच चालायचं.

सामान्य लोकांच्या आयुष्यात फरक पडला असं काही?

प्राथमिक शाळेची फी जवळपास सगळीकडे याच सुमाराला बंद झाली, इंग्लंडच्या आधी. आणि फेब्रुवारीत काउंटी कौन्सिलच्या पहिल्या निवडणुका झाल्या, तोपर्यंत गावाकडचा कारभार जमीनदारांच्याच हातात होता. निवडूनही बरेचसे तेच आले म्हणा.

बेन नेव्हिसच्या शिखरावर खरंच माणसं राहायची?

हो, १८८३ पासून १९०४ पर्यंत. ब्रिटनमधल्या सगळ्यात उंच डोंगरावर, १,३४५ मीटरवर, हवामानाची वेधशाळा होती. तासातासाला नोंद, रात्रीसुद्धा, आणि बर्फ इतका की टॉवरच्या वरच्या दारातून बाहेर पडावं लागायचं. १८९० मध्ये खाली फोर्ट विल्यमला दुसरी वेधशाळा काढली, म्हणजे वरचे आणि खालचे आकडे एकाच वेळी ताडून बघता यावेत.

आपल्याकडचा काही संबंध?

आहे की. हार्बर लाइनवरचं रे रोड स्टेशन माहितीये ना? ते लॉर्ड रे यांच्या नावावरून, १८८५ ते १८९० मुंबईचे गव्हर्नर, आणि स्कॉटलंडच्या मॅके घराण्याचे प्रमुख. जन्म मात्र हॉलंडचा. एप्रिल १८९० मध्ये ते मुंबई सोडून गेले आणि त्यांच्या जागी आले लॉर्ड हॅरिस, क्रिकेटवाले.

दुसरं नाव रखमाबाई. नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून कोर्टात उभ्या राहिलेल्या त्याच. १८९० मध्ये त्या लंडनला डॉक्टरी शिकत होत्या, पण पुढे प्रॅक्टिससाठी परीक्षा दिली ती स्कॉटलंडच्या कॉलेजांची. एडिंबरा युनिव्हर्सिटीने तर बायकांना डिग्री द्यायला १८९२ उजाडू दिलं, वैद्यकीय कॉलेजांची लायसन्सची परीक्षा त्याआधीच खुली झाली होती.

बाकी डंडीच्या गिरण्यांतला ताग सगळा बंगालचा. आणि बालमोरलला, म्हणजे राणीच्या स्कॉटलंडमधल्या वाड्यात, तिला हिंदुस्तानी शिकवायला आग्र्याचा मुन्शी अब्दुल करीम होता, घरची मंडळी त्याच्यावर जाम जळायची.

आता गेलं तर यातलं काय बघता येतं?

पूल तर आहेच, रोज गाड्या धावतात, २०१५ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. वेव्हर्लीहून गाडी पकडायची आणि पुलाच्या अलीकडे डालमेनीला उतरायचं. तिथून उतार उतरून खाली धक्क्यावर गेलं की पूल बरोबर डोक्यावर येतो. ७३ जणांची स्मारकं २०१२ मध्ये दोन्ही काठांवर झालीत, तीही बघा. परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा आणि संप वगैरे नाही ना ते चेक करा, हल्लीही होतात.